साहेबांची ब्लॅक बुक

शनिवारचा वर्ग संपला होता आणि मी चहाला निघाले होते, तेवढ्यात चाकणच्या एका कारखान्याचे प्लँट हेड माझ्या टेबलाशी येऊन बसले. वय सेहेचाळीस, हाताखाली चारशे माणसं, नोकरी सांभाळून एक्झिक्युटिव्ह लीडरशिपचा मास्टर्स चाललेला. बाकीचे पेपर सुटले होते. डेझर्टेशन तेवढं राहिलं होतं आणि सबमिशनला सात महिने होते. त्यांनी विषयाचा कागद पुढे केला. इंग्रजी शीर्षकाचा अर्थ असा : उत्पादन क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या कामगिरीवर परिवर्तनकारी नेतृत्वाचा होणारा परिणाम.

या शीर्षकाचे किती कागद मी पाहिलेत याची मोजदाद नाही. बँकिंग, आयटी, हॉस्पिटल, क्षेत्राचं नाव तेवढं बदलतं. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "गेल्या वर्षभरात तुमच्या प्लँटमध्ये असं काय झालं, ज्याचं कारण तुम्हाला अजून कळलेलं नाही?"

ते जरा थांबले आणि मग वीस मिनिटं बोलत राहिले. पूर्वी लाइनवरचे कामगार सुधारणा सुचवायच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत टाकायचे. पेटी गेली, मोबाइल अ‍ॅप आलं. सूचनांचा आकडा वाढला, पण उपयोगाच्या सूचना जवळजवळ बंद झाल्या. रांजणगावच्या त्यांच्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लँटमध्येही हाच प्रकार. "आयटीवाले म्हणतात, अ‍ॅप अवघड आहे. मला नाही पटत मॅडम. हीच पोरं दिवसभर रील्स बघतात." चहा राहिला, पण विषय मिळाला.

वरिष्ठ पदावरच्या माणसांचं डेझर्टेशन वेळेअभावी रखडतं, असं सगळे सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. ते रखडतं साहेबीच्या सवयींमुळे. चटकन निर्णय द्यायचा, निष्कर्ष आधी ठरवून मग आकडे मागवायचे, काम खाली सोपवायचं, सगळं चार स्लाइडमध्ये बसवायचं. ज्या गुणांवर बढत्या मिळाल्या, तेच इथे आडवे येतात. इथे तुम्ही विद्यार्थी आहात आणि तुम्हाला उत्तर माहीत नाही, एवढं मनापासून मान्य केलंत तर सहा-सात महिन्यांत ब्लॅक बुक हातात येते. (काळं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, म्हणून मुंबई-पुण्याकडे ती ब्लॅक बुक. आता बऱ्याच ठिकाणी नुसती पीडीएफ अपलोड करायची असते, पण नाव सुटलेलं नाही.)

सुरुवात विषयापासून. मोठं पद असलं की विषयही मोठाच हवा असं वाटतं. 'भारतीय उद्योगातील नेतृत्व' हा विषय पंचवीस जणांच्या संस्थेला दहा वर्षांत झेपणार नाही. हेन्री मिंट्झबर्ग यांनी एमआयटीत डॉक्टरेट करताना पाच मुख्याधिकाऱ्यांसोबत प्रत्येकी एक आठवडा घालवला आणि ते दिवसभर काय करतात ते टिपून ठेवलं. पाच माणसं, पाच आठवडे. त्या कामातून १९७३ साली 'द नेचर ऑफ मॅनेजेरिअल वर्क' हे पुस्तक उभं राहिलं. मॅनेजर शांत खोलीत बसून नियोजन आखतो, हा समज त्याने मोडला. प्रत्यक्षात दिवस तुकड्यातुकड्यांत, व्यत्ययांत आणि तोंडी बोलण्यात जातो, हे त्यात दिसलं. डॉक्टरेटला पाच माणसं पुरली, तर मास्टर्सला तुमचा एक विभाग नक्की पुरेल. मात्र मिंट्झबर्ग यांनी त्या पाचांकडे जितकं बारकाईने पाहिलं, तितकं तुम्हाला पाहावं लागेल.

विषय ठरला की माझी एक घरगुती चाचणी असते. तुमचा प्रश्न घरी आईला किंवा शेजारच्या काकांना मराठीत सांगून बघा. इम्पॅक्ट, ट्रान्सफॉर्मेशनल, एंगेजमेंट हे शब्द वापरायचे नाहीत. सांगता आला तर प्रश्न तुमचा आहे. अडखळलात तर तो अजून कुठल्यातरी जर्नलचा आहे. प्लँट हेडनी बायकोला सांगितलं : "चांगली कल्पना सुचली तरी लाइनवरचा माणूस ती सांगत का नाही, हे मला शोधायचंय." त्या म्हणाल्या, "घरात तरी कोण सांगतं तुम्हाला?" पुढे हेच वाक्य त्यांनी इंग्रजीत नीट मांडलं आणि शीर्षक झालं. बायकोचा शेरा डेझर्टेशनमध्ये आला नाही, पण मी तो विसरले नाही.

आता या लेखातली सगळ्यात नाजूक गोष्ट. एक्झिक्युटिव्ह विद्यार्थ्याचं मोठं भांडवल म्हणजे त्याची स्वतःची कंपनी. माणसं हाताशी, कागद हाताशी, गेटवर अडवणारं कुणी नाही. आणि मोठा धोकाही तिथेच. तुम्ही प्लँट हेड आहात. ऑपरेटरला केबिनमध्ये बोलावून विचारलंत, "माझ्या संशोधनासाठी मुलाखत देशील का?" तो हो म्हणेल. त्या होकाराला काही अर्थ नाही. त्याची पाळी, त्याचा ओव्हरटाइम, त्याचं अप्रेझल तुमच्या हातात आहे. संमतीपत्रावर त्याची सही असेलही, पण ती संमती नव्हे. परीक्षक तेवढं नक्की ओळखतात.

यातून वाटा निघतात. आपल्या थेट हाताखालची माणसं सोडून दुसऱ्या विभागातली किंवा दुसऱ्या प्लँटमधली घ्यायची. किंवा आपल्या बरोबरीच्या पदावरच्या लोकांशी बोलायचं. किंवा स्वतःच्याच कामावर अ‍ॅक्शन रिसर्च करायचा. मग मात्र 'मी इथला साहेब आहे' हे पहिल्या प्रकरणात उघड लिहायचं आणि त्यामुळे काय दिसलं, काय दिसलं नसेल, याचा हिशोब द्यायचा. कॉग्लन आणि ब्रॅनिक यांचं आपल्याच संस्थेत अ‍ॅक्शन रिसर्च करण्यावरचं एक पुस्तक आहे. ही वाट धरायची असेल तर लायब्ररीतून ते आधी काढा. आमच्या प्लँट हेडनी रांजणगावचा प्लँट निवडला. तिथे ते कुणाचे साहेब नव्हते. तरी पहिल्या दिवशी कंपनीचा गणवेश आणि पदनामाचा बिल्ला घालून गेले आणि दोन मुलाखती फुकट गेल्या. सगळे "छान आहे सर, काही अडचण नाही" म्हणत होते. तिसऱ्या दिवसापासून साधा शर्ट घातला आणि मुलाखतीला कॉन्फरन्स रूमऐवजी बस पार्किंगजवळचा बाक निवडला.

कंपनीची परवानगी लेखी घ्या आणि विषय नक्की होताच घ्या. एचआर हेडने लिफ्टमध्ये "कर की, त्यात काय" म्हणणं म्हणजे परवानगी नव्हे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून लीगल विभाग पूर्वीपेक्षा जास्त प्रश्न विचारतो, आणि ते योग्यच आहे. पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात : कुणाशी बोलणार, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कधी पुसणार, कंपनीचं नाव छापणार की नाही. छापण्याआधी आम्हाला दाखवा, असं कंपनी म्हणेल. गोपनीय आकडे आणि ग्राहकांची नावं तपासायला दाखवा, निष्कर्ष बदलायला नव्हे, आणि ही सीमा त्याच पत्रात लिहून घ्या. नंतर भांडण्यापेक्षा तो एक परिच्छेद आधी भांडून घेतलेला बरा.

नावं बदलली की माणूस लपतो, असंही समजू नका. 'प्लँटमधली एकमेव महिला शिफ्ट इन्चार्ज' असं लिहिलंत, तर नाव काहीही द्या, गेटवरचा वॉचमनसुद्धा ओळखेल. अशा वेळी पद पुसट करावं, पाळी बदलावी, कधी दोन माणसांचं वर्णन एकत्र करावं आणि तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात नोंदवावं.

आता माहिती गोळा करण्याबद्दल. बहुतेकांना पहिली आठवते ती गूगल फॉर्मची प्रश्नावली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की दोन दिवसांत दीडशे उत्तरं येतात, सॉफ्टवेअर आलेख काढून देतं, काम झाल्यासारखं वाटतं. मला या पद्धतीचा तिटकारा नाही, पण तिच्यातली खोट सांगायला हवी. एकाच माणसाने एकाच बैठकीत 'माझा बॉस प्रेरणा देतो' आणि 'मी मन लावून काम करतो' या दोन्हींपुढे टिचकी मारली, तर दोन्हींमध्ये संबंध दिसणारच. त्यातला किती खरा आणि किती त्या माणसाच्या त्या दिवशीच्या मूडचा, हे सांगणं कठीण. याला संशोधनात 'कॉमन मेथड बायस' म्हणतात आणि व्हायवाला बाहेरचे परीक्षक हमखास यावर बोट ठेवतात. शक्य असेल तर एक गोष्ट प्रश्नावलीतून मोजा आणि दुसरी कंपनीच्या नोंदींतून घ्या. तयार प्रश्नावल्यांचंही बघा. नेतृत्वावर सर्रास वापरली जाणारी बास आणि अव्होलिओ यांची 'मल्टिफॅक्टर लीडरशिप क्वेश्चनेअर' फुकट नाही. ती 'माइंड गार्डन' या प्रकाशकाकडून परवाना घेऊनच वापरावी लागते. नेटवर सापडलेली प्रत चिकटवू नका.

कंपनीच्या नोंदीही भाबडेपणाने घेऊ नयेत. एमी एडमंडसन हार्वर्डमध्ये डॉक्टरेट करत होत्या, तेव्हा इस्पितळातल्या टीम आणि औषधांच्या चुका यांचा अभ्यास त्यांच्याकडे आला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर दिसलं ते असं की तिथे चूक कबूल करायची भीती नव्हती, म्हणून ती कागदावर येत होती. १९९६ साली त्यांनी ते मांडलं आणि १९९९ साली 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' ही कल्पना टीमच्या अभ्यासात रुजवली. तुमच्या कंपनीच्या भिंतीवर 'शून्य अपघात' असा फलक असेल, तर तो यश सांगतो की भीती, हा स्वतंत्र प्रश्न आहे. कदाचित तोच तुमचा विषय असेल.

माझा कल मुलाखतींकडे आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. किती घ्यायच्या? गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६च्या लेखाचा दाखला देऊन सगळे 'बारा' म्हणतात. त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या साठ मुलाखती तपासल्या आणि पहिल्या बारांतच बहुतेक मुद्दे येऊन गेल्याचं सांगितलं, हे खरं. पण त्या मुलाखती बऱ्याचशा सारख्या परिस्थितीतल्या बायकांच्या होत्या. तुम्ही चार ऑपरेटर, चार सुपरवायझर आणि चार मॅनेजर घेतलेत तर ते तीन गट झाले, बारा नव्हे.

प्रश्न विचारायची कला साहेबांना मुद्दाम शिकावी लागते. 'चांगला लीडर कसा असावा?' असं विचारलंत की भाषण मिळतं. सगळे सांगतात प्रामाणिक असावा, दूरदृष्टी असावी. त्याऐवजी घडलेलं विचारा. "मागच्या वेळी वरिष्ठांना नाही म्हणालात तेव्हा काय झालं?" "शेवटची सूचना कधी दिलीत? त्याचं पुढे काय झालं?" आणि मग गप्प बसा. मीटिंगमध्ये तीन सेकंद शांतता झाली की बोलायची सवय असते आपल्याला. मुलाखतीत दहा सेकंद शांत राहिलात तर समोरचा स्वतःहून खरं बोलायला लागतो. रेकॉर्डर बंद केल्यावर, चप्पल घालता घालता जे वाक्य येतं ते सोन्यासारखं असतं. पण ते वापरायचं तर तिथल्या तिथे विचारायचं, "हे लिहिलं तर चालेल का?"

भाषेचा प्रश्न मराठी विद्यार्थ्याला टाळता येत नाही, आणि बहुतेक जण टाळतात. मुलाखत मराठीत, मधेमधे हिंदी, यंत्रांची नावं इंग्रजीत, आणि डेझर्टेशन इंग्रजीत. 'नेतृत्व' हा शब्द शॉप फ्लोअरवर कुणी उच्चारत नाही. तो निवडणुकीच्या बॅनरवर असतो. कामगार म्हणतात, "साहेब ऐकून घेतात", "त्यांचा वचक आहे", "सांभाळून घेतात", "त्या साहेबांचा नुसता धाक". वचक आणि धाक यांत फरक आहे. वचकामुळे काम होतं, धाकामुळे माणसं लपतात. दोन्ही शब्दांना इंग्रजीत 'फियर' लिहिलंत तर तुमचं निम्मं संशोधन भाषांतरातच वाहून गेलं. मूळ शब्द तसाच ठेवा, रोमन लिपीत लिहून पहिल्यांदा दोन ओळींत समजावून सांगा आणि पुढे तोच वापरा. परीक्षकाला त्याची अडचण वाटत नाही. उलट असा शब्द पाहिला की तो सावध होऊन वाचतो.

'सांभाळून घेतात' या शब्दांशी फार जवळचा सिद्धान्त आपल्याच देशात मांडला गेला आहे. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांचं 'द नर्चरंट टास्क लीडर' हे पुस्तक १९८०चं. जिव्हाळा देणारा, पण कामाच्या अटीवर देणारा वरिष्ठ, अशी त्यांची मांडणी. अधिकार वरून खाली उतरतो हे गृहीत धरणाऱ्या माणसांसोबत लोकशाही थाटाचा बॉस लगेच चालतोच असं नाही, असा त्यांचा रोख. पटो न पटो, भोसरीच्या वर्कशॉपवर लिहिताना अमेरिकेतलीच पाच नावं घ्यायची आणि सिन्हांचं नाव नाही, हे बरं दिसत नाही.

यावरून साहित्य आढाव्याकडे येते. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे वंशावळ नव्हे. १९७० साली ग्रीनलीफ यांनी सेवक-नेता मांडला, १९७८ साली बर्न्स यांनी परिवर्तनकारी आणि व्यवहारी नेतृत्व वेगळं केलं, १९८५ साली बास यांनी ते संस्थांमध्ये आणलं, १९९४ साली हायफेट्झ आले... अशी रांग लावून तीस पानं भरतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. त्याऐवजी तुमच्या प्रश्नावर एकमेकांशी भांडतील असे दोन-तीन विचार निवडा आणि भांडण लावून द्या. एखादा पाखंडीही असू द्या. जेम्स माइन्डल आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली 'रोमान्स ऑफ लीडरशिप' ही कल्पना मांडली. कंपनी चालली की श्रेय वरच्या माणसाला, बुडाली की दोषही त्यालाच, कारण आपल्याला गोष्टीत नायक लागतो. नेतृत्वावरच्या डेझर्टेशनमध्ये नेतृत्वावर शंका घेणारा एक तरी आवाज असावा, असं माझं मत आहे. एक्झिक्युटिव्ह विद्यार्थ्यांना माइन्डल यांचा लेख वाचायला दिला की ते जरा नाराज होतात.

शोधायला गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'शोधगंगा' आहे. त्यावर देशभरातले पीएचडीचे प्रबंध पूर्ण वाचता येतात. नक्कल करायला नको, एखाद्याने पद्धतीचं प्रकरण कसं रचलं ते बघायला. संदर्भ ठेवायला 'झोटेरो' हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. शेवटच्या आठवड्यात दीडशे संदर्भ हाताने टंकणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या घरातली माणसंही पाहिलीत.

मुलाखतींचं विश्लेषण करायला बहुतेक जण ब्राउन आणि क्लार्क यांची थीमॅटिक अ‍ॅनालिसिसची पद्धत घेतात. २००६ सालच्या त्यांच्या लेखात सहा टप्पे आहेत. पाककृतीसारखे ते पाळून भागत नाही. 'थीम्स वर आल्या' असं लिहू नका, हे खुद्द त्या लेखातच आहे. थीम आपोआप वर येत नाही, तुम्ही ती घडवता, म्हणून कशी घडवली ते सांगा. तासभराची मुलाखत हाताने उतरवायला चार ते सहा तास जातात. ते काम ऑफिसातल्या ज्युनिअरला देऊ नका. एक तर तुम्ही गोपनीयतेचा शब्द दिलाय. दुसरं, उतरवताना ऐकू येणारा सुस्कारा त्याच्या कागदावर येत नाही. अ‍ॅपने उतरवायचं असेल तर रेकॉर्डिंग कुठल्या सर्व्हरवर जातं ते आधी तपासा. मराठी-हिंदी-इंग्रजी खिचडीत ती अ‍ॅपं अडखळतात, म्हणून सगळं पुन्हा ऐकावंच लागतं.

वेळेबद्दल थोडक्यात. विद्यापीठागणिक शब्दमर्यादा वेगळी असते, ती हँडबुकमध्ये पाहा. पंधरा हजार शब्द धरले तर रोज तीनशे शब्दांनी पन्नास बैठका होतात. रविवारी आठ तास बसू, असं म्हणणारे चौथ्या रविवारी लग्नाला जातात. पहाटे साडेपाच ते पावणेसात, फोन दुसऱ्या खोलीत, हे जमतं. कॅलेंडर समोर घेऊन सबमिशनपासून उलटं मोजा. गणपती, दिवाळी, मार्च एण्ड, ऑडिट, मुलांच्या परीक्षा, हे दिवस आधीच काट मारून टाका. उरले त्यांतही पंधरा दिवस आजारपणाला आणि पंधरा गाईडला ठेवा. लिहिताना पद्धतीचं प्रकरण आधी, मग निष्कर्ष, मग आढावा आणि प्रस्तावना सगळ्यांत शेवटी. पुढे काय निघालं हे कळल्याशिवाय प्रस्तावना लिहिणारा ती तीनदा लिहितो.

स्लाइडची सवय इथे खरी नडते. बुलेट पॉइंटमध्ये 'कम्युनिकेशन', 'ट्रस्ट', 'अकाउंटेबिलिटी' लिहून ठेवलं की विचार झाल्याचा भास होतो. प्रत्येक बुलेटचं क्रियापदासह पूर्ण वाक्य करा. कोण कुणावर विश्वास ठेवत नाही, कशामुळे, आणि कुणी सांगितलं? अर्ध्या बुलेट तिथेच गळून पडतील.

गाईडशी वागायचंही एक तंत्र आहे, आणि हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगते आहे. "सर, जरा नजर टाका" म्हणून ऐंशी पानं पाठवलीत तर ती पडून राहतात. पाच पानं आणि त्यावर तीन नेमके प्रश्न पाठवलेत तर उत्तर त्याच आठवड्यात मिळण्याची शक्यता असते. भेट झाली की त्याच संध्याकाळी 'आज हे ठरलं' अशी चार ओळींची मेल टाका. मीटिंगचे मिनिट्स लिहायची सवय तुम्हाला आहेच, साहेबीतली ही एक गोष्ट इथे कामाला येते. आणि कंपनीत तुम्ही व्हाइस प्रेसिडेंट असलात तरी गाईड तुमचा व्हेंडर नाही. "ईओडीपर्यंत पाठवा" असं लिहिणारे विद्यार्थी मला भेटलेत.

चोरीचं तेवढंच स्पष्ट सांगते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात मोजत नाहीत. स्वतःच कंपनीसाठी लिहिलेला जुना अहवाल जसाच्या तसा चिकटवणं हीसुद्धा पळवाट नव्हे. एआयचं म्हणाल तर आधी विद्यापीठाचा नियम वाचा आणि वापर केलात तर तो सांगा. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहा, कारण नसलेली पुस्तकं आणि नसलेले लेख ते अतिशय आत्मविश्वासाने देतं. तयार डेझर्टेशन विकणारी दुकानंही आहेत. त्यांच्या गिऱ्हाइकाला व्हायवाला पहिल्या पाच मिनिटांत घाम फुटतो. "ही चौथी मुलाखत कुठे घेतलीत? त्या दिवशी पाऊस होता का?" असं विचारणारे परीक्षक अजून आहेत.

आमच्या प्लँट हेडचं पुढे काय झालं ते सांगते. अकरा मुलाखती झाल्या. अ‍ॅप अवघड असल्याची तक्रार फक्त दोघांनी केली. बाकीच्यांचं म्हणणं वेगवेगळ्या शब्दांत एकच होतं : "सुचवलं की गळ्यात पडतं." चिठ्ठीवर नाव नसायचं. अ‍ॅपवर कर्मचारी क्रमांक होता. ज्याची सूचना मंजूर, त्यानेच ती रोजच्या पाळीखेरीज अमलात आणायची, असा रिवाज हळूहळू पडला होता. शिवाय लाइननिहाय आकडा महिन्याच्या डॅशबोर्डवर दिसायचा. मग सुपरवायझर माणशी दोन सूचना वसूल करायचे आणि लोक 'फलक पुन्हा रंगवावा' अशा सूचना टाकून मोकळे व्हायचे. हायफेट्झ तांत्रिक अडचण आणि माणसांना स्वतःत बदल करायला लावणारी अडचण असा जो भेद करतात, तो त्यांना इथे उपयोगी पडला. आयटीने अ‍ॅप सोपं केलं असतं तरी फरक पडला नसता.

विश्लेषणाच्या वेळी ते एकदा फोनवर म्हणाले, "मॅडम, डॅशबोर्डची आयडिया माझी होती. रांजणगावने आमच्याकडून घेतली." मी विचारलं, हे लिहिणार का? दोन दिवस त्यांनी उत्तर दिलं नाही. मग पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद आला आणि निष्कर्षांत दीड पान. माझ्या मते ते संपूर्ण डेझर्टेशनमधलं सगळ्यात चांगलं दीड पान होतं. मर्यादांचा भाग लिहिताना बहुतेक जण 'वेळ कमी होता, नमुना लहान होता' अशी ठरावीक दोन वाक्यं टाकतात. मर्यादा म्हणजे माफीनामा नव्हे. आपल्या जागेवरून काय दिसत नव्हतं, ते नेमकं सांगायचं असतं. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी तेच दीड पान उघडून अर्धा तास प्रश्न विचारले आणि प्लँट हेडना उत्तरं आठवावी लागली नाहीत.

मुलाखत देणाऱ्यांना निष्कर्ष कळवायचं वचन आपण संमतीपत्रात देतो आणि सबमिशन झालं की विसरतो. दोन पानी सारांश मराठीत लिहा आणि नेऊन द्या. आमचे प्लँट हेड दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीला रांजणगावला गेले, त्याच बाकावर बसून सारांश वाचून दाखवला. मुलाखती क्रमांकाने नोंदवल्या होत्या. एक ऑपरेटर म्हणाला, "सर, यात 'सुचवलं की गळ्यात पडतं' असं सात नंबरचा म्हणालाय. तो मीच ना?"

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले.

"मलापण नाही?"

"तुलापण नाही."

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, "मग ठीक आहे," म्हणाला आणि पंचिंगला गेला.